इंदूर ते कोल्हापूर, १८ वर्षांच्या ओम्नीत एकटी : साडेतीन स्टार

गाडी २००७ ची ओम्नी, पाच सीटर, घरचीच. आधी त्यात पापड-मसाल्याचे डबे फिरायचे, आता मी फिरते. फेब्रुवारीत इंदूर-कोल्हापूर-इंदूर केलं, मीटरवर जवळजवळ साडेसतराशे किलोमीटर, सोबत कोणी नाही. आई जायच्या आदल्या रात्रीपर्यंत म्हणत होती की बसने जा, आणि सकाळी तिनेच दशम्या बांधून दिल्या.

ज्यांना जुनी व्हॅन घेऊन आतच झोपत भटकायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण व्हिडिओत सगळे पडदे आणि फेअरी लाइट दाखवतात, सीटखालच्या इंजिनाबद्दल कोणी बोलत नाही.

तर इंजिन. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे मारुती ८०० वालंच, पण इथे ते पुढच्या सीटांच्या खाली असतं. मानपूरच्या थंडीत सकाळी सहाला ही ऊब इतकी छान वाटली की शाल काढून ठेवली, आणि दुपारी शिरपूर ओलांडेपर्यंत मी तव्यावरची पोळी झाले होते. एसी नाही. सीटवर गोणपाट आणि त्यावर जुनी सतरंजी टाकली तेव्हा कुठे बसवलं. यासाठी अर्धा स्टार कापला, आणि मे महिन्यात नेणार असाल तर पूर्ण कापा.

स्पीड. गिअर चारच. ६० ला गाडी खूश असते, ७० ला आवाज वाढतो, ८० ला आपण देवाचं नाव घेतो. उंच अंग, अरुंद टायर (१४५ आर १२), त्यामुळे सोनगीर-धुळ्याच्या मोकळ्या पट्ट्यात वारा आडवा लागला किंवा बाजूने ट्रेलर गेला की गाडी एक पाऊल सरकते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवायचं, बास. एअरबॅग नाहीत आणि पुढे बोनेट पण नाही, काही झालं तर पहिला बंपर म्हणजे आपले गुडघे, हे मनात पक्कं असू द्या. म्हणून मी रात्री चालवलंच नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम. यात कोणी मला भित्री म्हणालं तर म्हणो.

घाट. जाताना भेरूघाट आणि सेंधव्यापुढचा बिजासन घाट दोन्ही उताराचे, आणि दोन्हीकडे ब्रेक फेल झालेल्या ट्रकच्या बातम्या आपण इंदूरवाले लहानपणापासून वाचतो. मेकॅनिक म्हणाला होता, "आंटी, ब्रेक पे मत बैठना, सेकंड में उतारना." आंटी म्हटल्याचा राग गिळला आणि ऐकलं. सेकंडमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त टेकवायचा. मागून हॉर्न वाजले, वाजू दिले.

त्या मेकॅनिकबद्दल दोन शब्द, नाव लिहीत नाही कारण मग मलाच नंबर लागणार नाही. नवलख्याकडे छोटंसं दुकान, बोर्डसुद्धा नाही. दोन दिवस गाडी ठेवून घेतली, पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलले (आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही म्हणे), कूलंटचे होज, फॅन बेल्ट, क्लच केबल, मागचे ब्रेक शू. टायर सोडून ९,४०० रुपये. आणि जुने पार्ट पिशवीत घालून माझ्या हातात दिले, हे मला सगळ्यात आवडलं, कारण आधीच्या एका गॅरेजने न बदललेल्या गोष्टींचे पैसे घेतले होते ते याच पिशवीमुळे कळलं.

झोपणं. मागची सीट फोल्ड केली, वर प्लायवूड, वर गादी. प्लाय नुसता ठेवलाय, स्क्रू मारलेला नाही, आरटीओच्या भानगडीत कोण पडणार. (आरसी २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी रिन्यू झाली, फीच ५,००० होती, वर फिटनेससाठी चकरा त्या वेगळ्या.) माझी उंची पाच फूट एक इंच, पाय सरळ होतात. सहाफुटी माणसाने तिरकं झोपावं किंवा लॉज करावा. सरकत्या दाराला आतून लॉक लागतं, काच बोटभर सरकवून मच्छरदाणीचा तुकडा लावला. पहिली रात्र शिर्डीच्या पार्किंगमध्ये, रात्रभर माणसांची ये-जा, बाथरूम जवळ, बाईमाणसाला यापेक्षा काय हवं. पुण्याला मावशीकडे गेले तर तिने व्हॅन बघून विचारलं, "अगं शाळेची मुलं सोडायला लागलीस का?" टोलवरही एकाने हेच विचारलं.

नगरहून जाताना मजा वाटली. आता अहिल्यानगर. आमच्या अहिल्यामाता तिकडच्याच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, तिथून माळव्यात आल्या, आणि मी माळव्यातून तिकडे, तेही ६० च्या स्पीडने. खंबाटकी पुण्याहून जाताना चढच आहे, फर्स्ट-सेकंडमध्ये कशीबशी चढली.

परतीला मात्र नाटक झालं. गुजरीकडून भेरूघाट चढताना टेम्परेचरचा काटा वर जायला लागला. बाजूला घेतली, इंजिन बंद, रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही एवढं माहीत होतं, चाळीस मिनिटं बसून उरलेल्या दशम्या संपवल्या. काटा उतरल्यावर चालू केली तर फॅन फिरतच नव्हता. ढाब्यावरच्या ट्रकवाल्या काकांनी दोन मिनिटांत फ्यूज शोधला, उडालेला होता, त्यांच्याकडचा एक लावला आणि पैसे घेईनात, शेवटी चहा पाजला. नवी सेन्सरवाली गाडी असती तर टो करून इंदूरला आणावी लागली असती असं मला वाटतं. ही गाडी कोणालाही उघडता येते, एकटीने जायचं तर मला हेच महत्त्वाचं.

अ‍ॅव्हरेज सरासरी १४.५ पडलं. टाकी ३६ लिटरची, मी अर्धी झाली की भरत होते.

घ्यावी का? घाई नसेल, उंची कमी असेल आणि विश्वासू मेकॅनिक असेल तर हो. कुटुंब घेऊन हायवेला, अजिबात नाही. आणि फ्यूजचं पाकीट, एक क्लच केबल, पाच लिटर पाणी गाडीत असू द्या. फ्यूज माझ्याकडे नव्हता, आता डॅशबोर्डमध्ये डझनभर पडलेत.