कार्पेटवरचे खळगे आणि हातातला स्टीमर: वापरून पाहिल्यानंतरचे मत

सहा वर्षे एकाच भिंतीला टेकून उभे असलेले पुस्तकांचे कपाट जागेवरून हलवले आणि त्याच्या चारही पायांखाली कार्पेटमध्ये चौकोनी खळगे पडलेले दिसले. बाकीच्या खोलीत कार्पेटची लव उभी होती. या चार जागी मात्र ती एखाद्या शिक्क्याखाली दाबल्यासारखी आडवी होऊन घट्ट बसली होती, आणि वरून बोट फिरवले की खळग्याची कड स्पष्ट जाणवत होती. कपड्यांना वाफ देण्यासाठी घेतलेला हातातला स्टीमर अशा खळग्यांवर चालतो असे बरेच जण सांगतात, म्हणून तो येथे वापरून पाहिला. तुलना करता यावी यासाठी चारही खळग्यांवर एकच उपाय न करता पहिल्यावर बर्फ ठेवला, दुसऱ्यावर ओला सुती पंचा अंथरून इस्त्री धरली आणि उरलेल्या दोन खळग्यांना स्टीमरची वाफ दिली.

निकाल सांगण्याआधी कार्पेट कशाचे आहे हे सांगायला हवे, कारण सर्व काही त्यावरच अवलंबून असते. आमचे कार्पेट नायलॉनचे, कापलेल्या लवेचे आहे. नायलॉनच्या धाग्याचा पीळ कारखान्यातच उष्णतेने पक्का केलेला असतो, त्यामुळे दबलेल्या तंतूंना पुन्हा ओल आणि ऊब मिळाली की ते मऊ पडून आपल्या मूळ आकाराकडे वळतात. लोकरही वाफेला चांगली दाद देते. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषू शकते, म्हणून तिच्यावर बर्फाचा उपायही लागू पडतो. पॉलिप्रॉपिलीन मात्र पाणी जवळजवळ शोषतच नाही आणि साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते, तर सुती कपड्यांसाठी तापवलेल्या इस्त्रीचा तळ सहज २०० अंशांच्या आसपास जातो. अशा कार्पेटला इस्त्रीचा नुसता स्पर्श झाला तरी तंतू चिकटून कायमचा चकाकता डाग उरतो. व्हिस्कोसच्या गालिच्याला तर वाफ आणि पाणी दोन्हींपासून दूर ठेवावे, कारण तो तंतू ओला झाला की कमजोर पडतो. आपले कार्पेट कशाचे आहे हे ठाऊक नसेल, तर सोफ्याखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी वाफ देऊन पाहावी आणि तेथे पांढरे फडके दाबून रंग सुटत नाही ना, याचीही खात्री करून घ्यावी.

आता स्टीमरविषयी. त्याची टाकी २५० मिलीलिटरची आहे आणि वाफ एका मिनिटाच्या आत सुरू होते. कार्पेटपासून चार बोटे अंतर राखून, एका जागी न थांबता, पंधरा-वीस सेकंद वाफ दिली, मग थोडे थांबून बोटांच्या टोकांनी लव कडेकडून मध्याकडे उचलली आणि हाच क्रम चार वेळा केला. तिसऱ्या फेरीत तंतू एकमेकांपासून सुटू लागलेले डोळ्यांना दिसले. मात्र हे यंत्र हँगरला लटकवलेल्या कपड्यासमोर उभे धरण्यासाठी बनवलेले आहे. जमिनीकडे तोंड करून तिरके धरले की वाफेबरोबर कढत पाण्याचे थेंब उडतात, आणि माझ्या मनगटावर ते दोनदा पडले. यामुळे टाकी अर्धीच भरावी, थेंबांचा पहिला झोत बादलीत सोडावा आणि मगच कार्पेटकडे वळावे.

बर्फाने खळगा निम्माच भरला आणि त्याला रात्र लागली. इस्त्री आणि पंचा यांचा परिणाम स्टीमरइतकाच चांगला झाला, किंबहुना किंचित लवकर झाला. पण त्यात पंचा सरकण्याची धास्ती सतत राहते. स्टीमरच्या दोन खळग्यांपैकी एक पूर्ण नाहीसा झाला. दुसऱ्याची लव उभी राहिली, रंगही सारखा दिसू लागला, तरी तळवा ठेवला की तेथे जमीन खोलच लागत होती.

या दुसऱ्या खळग्यानेच मला खरी गोष्ट कळली. कार्पेटखाली फोमचे अस्तर असते आणि वर्षानुवर्षांच्या भाराने तेही बसते. वाफ लवेला उठवते. दबलेल्या फोमला ती उठवू शकत नाही, आणि तेथवर पाणी पोहोचवण्याचा हट्ट धरला तर अस्तर ओले राहून कुबट वास मात्र सुटतो. म्हणून वाफ दिल्यावर त्या जागी काही तास पंखा लावावा आणि पूर्ण वाळेपर्यंत त्यावरून चालू नये. कडेची लव थोडी विंचरून तो खळगा मी नजरेआड केला आहे, बुजवलेला नाही. वेटोळ्या लवेच्या कार्पेटवर विंचरण्याचा उपाय करू नये, कारण तेथे धागा ओढला जाऊन अख्खी ओळ उसवते.

स्टीमर केवळ खळग्यांसाठी विकत घ्यावा असे मी सुचवणार नाही. घरात कपड्यांसाठी असेल, तर जरूर वापरावा. त्याच्याहून अधिक उपयोग मला पायांखाली ठेवायच्या पसरट वाट्यांचा झाला. कपाटाच्या प्रत्येक पायावर ३० किलो भार धरला आणि पाया तीन बाय तीन सेंटिमीटरचा असला, तर दर चौरस सेंटिमीटरला सव्वातीन किलोहून अधिक दाब येतो. नऊ सेंटिमीटर व्यासाच्या वाटीखाली तोच दाब अर्ध्या किलोपेक्षाही कमी होतो. नव्या जागी कपाट ठेवताना चारही पायांखाली अशा वाट्या घातल्या. आठ महिन्यांनी त्यांतली एक उचलून पाहिली, तेव्हा तिच्या कडेचे उथळ वर्तुळ उमटलेले होते. व्हॅक्यूम क्लीनर दोनदा फिरवल्यावर ते गेले.