पेल्टियरचा वाइन कूलर आणि जुनी बोर्डो: सांगलीचा उन्हाळा काढल्यावर

भर मे महिन्यात माझ्या पेल्टियर वाइन कूलरचा मागचा पंखा बंद पडला, म्हणून हे लिहितोय. पेल्टियर म्हणजे कंप्रेसर-गॅसशिवाय, विजेवर एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चकती. बारा बाटल्यांचा कूलर. आत जुन्या बोर्डो (फ्रान्सच्या बोर्डो भागातली रेड वाइन) आणि त्याच धर्तीच्या, कॅबर्ने-मर्लो द्राक्षांच्या मिश्रणाच्या बाटल्या. वॅट, लिटर वगैरे सगळीकडे लिहिलेलं असतंच.

थंडीत तक्रारीला जागा नव्हती. खोली २४ अंश असली की आत १२-१३ सहज मिळतात. कंप्रेसर नसल्याने थरथर नाही, त्यामुळे जुन्या वाइनमधला गाळ तळाशी शांत बसतो. पाच तारे तेव्हाच देऊन टाकले असते.

एप्रिलनंतर मत बदललं. पेल्टियर खोलीपेक्षा साधारण १५ अंशच खाली नेतो. सांगलीत पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्यावरची खोली दुपारी ३६ ला असते, म्हणजे आत २०-२१. डिस्प्ले मात्र १६ म्हणतो, कारण सेन्सर थंड पट्टीला चिकटून बसवलाय. हा आकडा मला सर्वात जास्त खटकतो. खरं तापमान बघायचं तर ७५० मिलीच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरा, एक रॅक काढून ती आत उभी करा, तोंडातून प्रोबवाला थर्मामीटर सोडा आणि रात्रभरानंतर वाचा. हवेचं नाही, बाटलीतल्या द्रवाचं तापमान महत्त्वाचं.

लाइट गेली की आणखी वाईट. बंद पेल्टियरमधून मागची उष्णता सरळ आत शिरते.

सर्व्हिसवाला आला आणि म्हणाला, गॅस भरावा लागेल. पेल्टियरमध्ये गॅस नसतोच! नंतर पूर्ण मॉड्यूलचं, म्हणजे त्या पेल्टियर चकतीचं, बिल पुढे केलं. खरं काम एवढंच होतं: प्लग काढायचा, मागची जाळी उघडायची, हीटसिंकमधली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमधली) धूळ ब्रशने काढायची, त्याच मापाचा १२ व्होल्टचा पंखा लावायचा. मॉड्यूल आणि हीटसिंकमधली सुकलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) खरवडून नवी पातळ लावायची आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. एकाच बाजूने आवळले तर मॉड्यूलला तडा जातो. पंखा काही शेकड्यांत मिळतो. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर जागा सोडा.

नुकसान किती झालं, ते चवीवरून कळलं. एकाच पेटीतली २०१० ची ओ-मेडोक (बोर्डोतल्याच एका भागाची वाइन), एक बाटली या कूलरमधली, दुसरी पुण्यात कंप्रेसरच्या कपाटात राहिलेली. दोन्ही १७ अंशांवर आणून, कोणती कुठली ते कळू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून, ग्लासात ५० मिली. तापमान सारखं नसेल तर तुलना फुकट, कारण गरम वाइनमध्ये अल्कोहोलच पुढे येतं. पुण्याच्या बाटलीत देवदार, तंबाखू, ब्लॅककरंट या काळ्या बेरीचा वास, तुरटपणा मऊ पण शाबूत. इथल्या बाटलीची कड विटकरी, वास बेदाण्यासारखा गोड आणि शिजलेला, घोट गिळल्यावर तोंडात काही उरत नाही. उष्णतेने बूचही दोन मिलिमीटर वर आलं होतं आणि तोंडावरची टोपी वाइन पाझरल्याने चिकटून बसली होती, फिरेना. खरेदी करतानाही ही टोपी फिरवून बघावी.

तरुण, वर्षभरात संपवायच्या बाटल्यांना हा कूलर चालतो, वीज कंप्रेसरपेक्षा जास्त खातो एवढंच. दहा वर्षांपुढच्या बोर्डोला इथे कंप्रेसरच हवा. तोवर मार्च ते जूनपर्यंत जुन्या बाटल्या घरातल्या सर्वात गार खोलीत, तळमजल्यावर, कूलरसकट हलवा.