टाळीला बंद, गोळीला उघडे

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, त्यानंतर आमच्या रेंजवर हौशी नेमबाजांची संख्या वाढली आणि त्यांच्या मागोमाग सामान विकणारेही आले. त्यांपैकी एकाने मला फसवले. दोन ईअरमफचे, म्हणजे गोळीचा आवाज अडवण्यासाठी कानांवर चढवायच्या कपांच्या जोड्यांचे, मिळून ६,८०० रुपये गेले. पण नुकसान पैशांपुरते राहिले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी आठवड्यातून दोनदा पॉइंट टू टू (०.२२ इंच बोअरच्या) रायफलवर प्रोनचा, म्हणजे पोटावर झोपून नेम धरण्याचा, सराव करतो आणि माझी मुलगी त्याच बोअरचे स्पोर्ट पिस्तूल चालवते. आमचे जुने मफ साधे, बिनबॅटरीचे होते. ते लावल्यावर कोच सरांची सूचना ऐकू येत नसे, दर वेळी एक कप उचलावा लागे, आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या लेनवर गोळी सुटे. त्यामुळे एका स्पर्धेच्या वेळी मांडवात टेबल टाकून बसलेल्या विक्रेत्याने इलेक्ट्रॉनिक मफ दाखवले, तेव्हा मी थांबलो. त्याने मफ माझ्या कानांवर चढवून बटण सुरू केले. पलीकडच्या टेबलावरची कुजबुज स्पष्ट ऐकू आली. मग त्याने माझ्या कानाजवळ जोरात टाळी वाजवली आणि ती जवळजवळ ऐकूच आली नाही. खोक्यावर ‘एनआरआर ३७ डेसिबल’ असे ठळक छापलेले होते, म्हणजे मफ किती आवाज अडवतो त्याचा आकडा. मी दोन घेतले.

तिसऱ्या सरावानंतर मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, कान भरल्यासारखे वाटतात.’’ नवीन वस्तू आहे, सवय होईल, असे मी तिला सांगितले. हे वाक्य मला आजही टोचते. आठवडाभराने रात्री पंखा बंद झाल्यावर माझ्याच डाव्या कानात बारीक कुईं असा आवाज येऊ लागला, तेव्हा आम्ही दोघे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. श्रवणचाचणीत माझ्या डाव्या कानाच्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी खड्डा होता, म्हणजे त्या उंच स्वराला कान कमी ऐकत होता. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला, त्यामुळे हे असेच दिसते, असे त्यांनी समजावले. मुलीचा कान तीन आठवड्यांनी पूर्ववत झाला, माझा खड्डा राहिला. त्यातला काही भाग आधीच्या वर्षांचाही असू शकतो, हे डॉक्टरांनी सांगितले आणि ते मला मान्य आहे.

त्या संध्याकाळी मी स्क्रू काढून मफ उघडला. जुन्या मफच्या कपात घट्ट, जाड फोम भरलेला होता. यात बोटाएवढ्या जाडीचा स्पंजाचा तुकडा, इलेक्ट्रॉनिक भागाची एक छोटी पट्टी आणि बॅटरीच्या खणातून थेट बाहेर दिसणारी फट. मग बॅटरी काढून तोच मफ घातला आणि मुलीला टाळी वाजवायला सांगितले. खणखणीत ऐकू आली! आवाज अडवतो तो कप आणि कानाभोवती घट्ट बसणारी गादी. इलेक्ट्रॉनिक भाग फक्त बाहेरचे बोलणे आत पोहोचवतो आणि मोठा आवाज आला की ते पोहोचवणे कमी करतो. मांडवात टाळी विरली असे मला वाटले, कारण वाढवलेला आवाज क्षणभर थांबला आणि त्या गलक्यात उरलेला आवाज माझ्या लक्षात आला नाही. पॉइंट टू टू रायफलच्या आवाजाचे शिखर १४० डेसिबलच्या आसपास असते आणि १० डेसिबल कमी अडले तर दहापट ऊर्जा कानात शिरते, हे मला आधी माहीत असते तर मी टाळीवर भुललो नसतो.

खोक्याकडेही मी नीट पाहिले नव्हते. एनआरआर हा आवाज अडवण्याचा अमेरिकी आकडा आहे, युरोपचा एसएनआर वेगळ्या पद्धतीने काढतात. एकाच मफचा एसएनआर ३७ आणि एनआरआर ३१ असू शकतो. एकट्या मफचा एनआरआर ३७ मी कोणत्याही खात्रीच्या उत्पादनावर पाहिलेला नाही. सीई हे युरोपीय नियमांनुसार असल्याचे चिन्ह होते, पण कानांच्या संरक्षकावर त्यापुढे तपासणी संस्थेचा चार अंकी क्रमांक लागतो, तो नव्हता. ईएन ३५२ या कानांच्या संरक्षकांसाठीच्या युरोपीय मानकाचा उल्लेख नव्हता, आणि माल आयात केलेला असूनही आयातदाराचे नाव-पत्ता कुठेच नव्हता. बिल म्हणजे वहीच्या पानावरचा आकडा.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा ‘‘वापरलेला माल परत घेत नाही’’ एवढेच उत्तर मिळाले, नंतर तेही मिळेना. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना विक्रेत्याचा पत्ता विचारला गेला. माझ्याकडे फक्त त्याचा मोबाईल क्रमांक होता.

सध्या आम्ही दोघे आधी फोमचे प्लग वळवून, कान वर ओढून आत बसवतो आणि त्यावर जुना बिनबॅटरीचा मफ लावतो. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिळवता येत नाहीत, भर साधारण ५ डेसिबलचीच पडते. पण माझ्या चष्म्याच्या काडीमुळे गादीत राहणाऱ्या फटीची त्यामुळे बरीच भरपाई होते. कोच सर आता हाताने खुणा करतात.

गेल्या महिन्यात दुसऱ्या स्पर्धेत तोच विक्रेता, तेच टेबल, तीच टाळी दिसली. मी पुढे होऊन बॅटरी काढून टाळी वाजवायला सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातला मफ काढून घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या कानांवर चढवला.