एन-नंबर टाकला की विमान कळतं?

ओहायोतल्या माझ्या भाच्याला १९४६चं एरॉन्का चँप घ्यायचंय. शेपटीखाली चाक असलेलं, कापडाच्या अंगाचं, ६५ हॉर्सपॉवरचं दोन सीटर. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘नो डॅमेज हिस्ट्री’, म्हणजे विमानाला कधी मार बसलेला नाही. “मामा, जरा बघशील?” एवढाच मेसेज. जुहूला पुष्पक विमानांच्या फॅब्रिकला डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप) मारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुष्पक एचएएलने एरॉन्का चीफच्या धर्तीवर बनवलेलं, म्हणजे चँप आमच्या भावकीतलंच. नौपाड्यात बसून अमेरिकेच्या दोन सरकारी सेवा वापरून पाहिल्या.

पहिली एफएएची, म्हणजे तिथल्या नागरी विमान वाहतूक खात्याची, विमान नोंदणी. फुकट, लॉगिन नाही, ओटीपी नाही. आपण जुनी स्कूटर घेताना वाहन ॲपवर नंबर टाकतो तसाच एन-नंबर, म्हणजे विमानाचा ‘एन’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, टाकायचा. बनावटीचं वर्ष, सीरियल नंबर, नोंदणी चालू की रद्द, सगळं समोर येतं. मात्र शोध सीरियल नंबरानेही घ्या. एन-नंबर बदलता येतो आणि सोडलेला नंबर पुढे दुसऱ्याच विमानाला मिळू शकतो. (जुन्या फोटोत ‘एन’ऐवजी ‘एनसी’ दिसलं तर गोंधळू नका, १९४८ अखेरपर्यंत तसंच लिहायचे.) खरा माल एफएएकडे ओक्लाहोमा सिटीत असलेल्या त्या विमानाच्या फाइलमध्ये असतो. किरकोळ फी भरून ती मागवा आणि त्यातले ‘फॉर्म ३३७’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांच्या नोंदी, आधी वाचा. मोठी दुरुस्ती झाली असेल तर ती तिथे सापडायला हवी. या सेवेला माझे पूर्ण गुण.

दुसरी एनटीएसबीची, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेची, अपघात-नोंद. अहवाल वाचायला उत्तम, पण शोधात काही आलं नाही म्हणून पेढे वाटू नका. ऑनलाइन नोंदी १९६२पासूनच्या, म्हणजे या विमानाची पहिली सोळा वर्षं त्यात नाहीतच. त्याहून मोठी गोम व्याख्येत आहे. टेलव्हीलचा, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा, गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. उतरताना आडवा वारा लागला आणि पायलटचे पाय रडरवर सुस्त असले, की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान गर्रकन फिरतं. हा ग्राउंड लूप. पंखाचं टोक जमिनीला घासतं, चाकाचा पाय वाकतो. पण कुणाला गंभीर इजा नसेल आणि नुकसान चाकं, लँडिंग गिअर, पंखाचं टोक, जमिनीवर लागलेला प्रोपेलर एवढ्यावरच भागलं असेल, तर नियमाप्रमाणे तो ‘अपघात’ नव्हेच! या जातीच्या विमानाची सगळ्यात नेहमीची खोडी अशी बऱ्याचदा कागदावर येतच नाही.

आणि चँपच्या पंखात स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळया, लाकडाचे. टोकाला दणका बसला की आत लाकडाच्या रेषांना आडवी, केसाएवढी बारीक चीर पडू शकते. वरून फॅब्रिक ताणलेलं, रंग चकचकीत. त्यासाठी एफएएने स्पार तपासणीचा आदेश काढलेला आहे. पंखाला मार बसल्यावरही ती तपासणी करावीच लागते. लॉगबुकात मी आधी तीच नोंद शोधेन, इंजिनाचे तास नंतर.

भाच्याला कळवलंय : फाइल मागव, लाकूड कळणारा मेकॅनिक गाठ, पंखावरची तपासणीची झाकणं उघडून आरशाने स्पार बघायला लाव. विक्रेत्याने लॉगबुकाचे फोटो अजून पाठवलेले नाहीत. तोवर इसार द्यायचा नाही.