टॉम-जेरी की रोड रनर : आधी कोणता लघुपट पाहावा?

जुन्या अमेरिकी कार्टूनपटांची ओळख घरातल्या मुलांना पहिल्यांदाच करून द्यायची असेल, तर निवड बहुधा दोन लघुपटांवर येऊन थांबते. एक म्हणजे एमजीएम या अमेरिकी स्टुडिओचा १९४० सालचा ‘पुस गेट्स द बूट’, ज्यातून टॉम-जेरीची जोडी जन्मली. दुसरा वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचा १९४९ सालचा ‘फास्ट अँड फरी-अस’, ज्यात रोड रनर हा सुसाट धावणारा पक्षी आणि त्याच्या मागे लागलेला कायोटी हा कोल्ह्यासारखा प्राणी प्रथम पडद्यावर आले.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दिग्दर्शकांच्या ‘पुस गेट्स द बूट’मध्ये बोक्याचे नाव अजून जॅस्पर आहे आणि उंदराला पडद्यावर नावच नाही. लघुपटाची खरी ताकद कथेच्या बांधणीत आहे. बोक्याच्या धुमाकुळात कुंडी फुटते आणि मोलकरीण त्याला बजावते, की आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर काढीन. हे उंदराने ऐकले, की बळाचे गणित उलटते. आता दुबळ्या जिवाला केवळ एक काचेचा पेला टेबलाच्या कडेवर धरायचा असतो आणि बलवान बोक्याला तो झेलण्यासाठी धावायचे असते. हसू त्या धास्तीतून येते आणि प्रत्येक पेल्यागणिक ती वाढत जाते.

दिग्दर्शक चक जोन्स यांच्या दुसऱ्या लघुपटात, म्हणजे रोड रनरच्या, घर नाही, मालक नाही, धमकीही नाही. वाळवंटातला रस्ता, एक भुकेला प्राणी आणि एकामागून एक फसणारे डाव, एवढाच ऐवज आहे. पक्षी क्वचितच प्रतिकार करतो. कायोटीला त्याची स्वतःचीच साधने उलटून लागतात.

दोन्हींमधला फरक एकाच युक्तीत स्पष्ट दिसतो. जॅस्पर भिंतीवर बिळाचे खोटे चित्र काढतो आणि उंदीर त्यावर आपटतो. कायोटी खडकावर बोगदा रंगवतो, रोड रनर त्यातून सरळ निघून जातो आणि मागून धावणारा कायोटी मात्र खडकावर आदळतो. पहिल्या जगात भिंत सर्वांसाठी भिंतच असते. दुसऱ्यात नियमच पक्षपाती आहेत आणि माझ्या मते विनोदाची ही झेप अधिक धाडसी आहे.

तरीही कथेची गोडी लावायची असेल, तर ‘पुस गेट्स द बूट’च आधी पाहावा. मात्र मोलकरणीची धमकी इंग्रजी संवादात आहे आणि ती न समजल्यास पेल्यांचा सारा खेळ निरर्थक ठरतो, म्हणून मराठी मुलांना ती आधी समजावून सांगावी लागेल. शिवाय त्या कृष्णवर्णीय स्त्रीचे चित्रण त्या काळच्या अपमानास्पद साच्यातले आहे, त्याबद्दलही मुलांशी बोलणे आवश्यक आहे. सोबत बसायला वेळ नसेल किंवा मूल चार-पाच वर्षांचे असेल, तर सुमारे सात मिनिटांचा ‘फास्ट अँड फरी-अस’ लावावा. त्यात पक्ष्याच्या ‘बीप बीप’पलीकडे कानांनी समजून घ्यावे असे फारसे काही नाही.