घरातले आयपी अ‍ॅड्रेस कुणी वाटायचे: राउटरनं, हातानं की वेगळ्या डब्यानं?

खाली दुकान, वर दोन मजले घर, अशी आमची लक्ष्मीपुरीतली वास्तू. एक कॉम्प्युटर आणि दोन फोन होते तोवर आयपी अ‍ॅड्रेसकडे, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक वस्तूच्या आकडी पत्त्याकडे, कुणी बघितलंही नाही. आता दुकानातला प्रिंटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, टीव्ही, फोन मिळून पंधरा-एक वस्तू झाल्यात. तुमचंही घर असं भरत आलं असेल, तर हे एकदा ठरवून टाका.

राउटरमधलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटायची सोय, बहुतेक वेळा आधीपासून चालूच असतं. फोन वाय-फायला जोडला की पत्ता मागतो, राउटर एक मोकळा पत्ता पुढे करतो, फोन तो घेतो म्हणतो आणि राउटर शिक्का मारतो. पत्ता ठरावीक मुदतीपुरताच असतो, त्या मुदतीला लीज म्हणतात. निम्मी लीज सरली की फोन आपणच ती वाढवून घेतो. पाहुणा आला, पासवर्ड सांगितला, विषय संपला. फोन, लॅपटॉप, टीव्हीला याहून जास्त काही लागत नाही.

अडतं ते प्रिंटर आणि डीव्हीआरपाशी, कारण त्यांना इतरांनी शोधायचं असतं. प्रिंटरचा पत्ता बदलला की बिल छापायला कॉम्प्युटर जुन्याच दारात जाऊन उभा राहतो.

म्हणून मी डीव्हीआरमध्ये हातानं १९२.१६८.१.५ लिहिला. राउटरची वाटपाची रेंज, म्हणजे पत्त्यातले शेवटचे जे आकडे तो वाटतो ते, २ पासून सुरू होत होती, हे पाहिलं नाही. पावसाळ्यात एका रात्री लाईट जाऊन आली. डीव्हीआर सावकाश चालू होतो. तेवढ्यात राउटरनं तोच ५ नंबर भावाच्या लॅपटॉपला देऊन टाकला. कॅमेरे मोबाईलवर दिसेनात आणि कारण सापडायला दोन दिवस गेले. ज्या दोन दिवसांसाठी कॅमेरे बसवले होते, तेच गेले याचं मला आजही वाईट वाटतं. हातानं लिहायचंच असेल तर राउटरची रेंज १०० ते १९९ करा आणि खालचे आकडे वापरा. तरीही कंपनीनं राउटर बदलून दिला आणि नव्याचे पत्ते १९२.१६८.०ने सुरू झाले, की हातानं लिहिलेली प्रत्येक वस्तू तुटते.

माझं मत रिझर्व्हेशनला. वस्तूत काही लिहायचं नाही, ती नेहमीसारखा पत्ता मागते; राउटरला फक्त सांगून ठेवायचं की या मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे वस्तूच्या नेटवर्कवरच्या ओळख-क्रमांकाला, कायम हाच नंबर दे. सगळी यादी एका जागी राहते. राउटर बदलला तर यादी पुन्हा भरावी लागते, पण तोवर निदान प्रत्येक वस्तूला पत्ता मिळत राहतो. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. काही राउटर राखीव नंबर रेंजच्या आतलाच मागतात, ते आधी बघा. फोनसाठी नंबर राखायचा असेल तर त्या वाय-फायपुरता खाजगी मॅक (फोननं खऱ्याऐवजी दाखवलेला बनावट मॅक) बंद करा, नाहीतर तो बदलला की नोंद लागू पडणार नाही.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पाय-होल हे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर टाकून त्यालाच वाटप देता येतं. जाहिराती अडतात, हा मोठा फायदा. पण तो डबा बंद पडला की नव्यानं जोडणाऱ्याला पत्ताच मिळत नाही. इन्व्हर्टर नसलेल्या घरात मी हे सुचवणार नाही.

यातलं काहीही निवडा, वाटणारा एकच ठेवा. वरच्या मजल्यावर रेंज यावी म्हणून दुसरा राउटर लावलात, तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला आणि वायर त्याच्या लॅन पोर्टमध्येच खोचा, इंटरनेटच्या (वॅन) पोर्टमध्ये नको. नाहीतर दोघं आपापले पत्ते वाटत सुटतात आणि निम्म्या घराचं इंटरनेट जातं. एखाद्या वस्तूवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तिला वाटणारा कुणी भेटलेलाच नाही. आधी वायर आणि डीएचसीपी तपासा.