३०० वॅटचा कार इन्व्हर्टर: पावसाळाभर वापरून काय वाटलं

आमचं गाव दापोली तालुक्यात, त्यामुळे लाईट जाणं आम्हाला कुणी शिकवायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा खांब असे आडवे झाले की कित्येक आठवडे लाईटचा पत्ता नव्हता आणि आम्ही अंगणात गाडी चालू ठेवून आत बसून आळीपाळीने फोन चार्ज केलेत. तेव्हापासून डोक्यात होतं की गाडीत एवढी बॅटरी पडून आहे तर तिच्यावर घरातलं थोडंफार चालवता आलं पाहिजे. शेवटी मे महिन्यात हा कार इन्व्हर्टर, म्हणजे गाडीच्या बॅटरीची वीज घरातल्या वस्तूंना चालेल अशी करून देणारा डबा, ऑनलाईन मागवला, २३४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, असले डबे मला तरी सगळे एकाच साच्यातले वाटतात, वरचा स्टिकर तेवढा वेगळा.

डबा हातात मावेल एवढा, अॅल्युमिनियमचा, मागे छोटा पंखा. सोबत दोन वायरी, एक लायटरच्या सॉकेटमध्ये घालायची आणि दुसरी चिमट्यांची, ती थेट बॅटरीला. मी अर्थातच सोपी घेतली. त्यावर टीव्ही, दोन टेबल फॅन आणि दोन बल्ब एकदम लावले आणि पाच मिनिटांत सगळं गप्प. फ्यूज उडाला. मग बसून हिशोब केला, जो आधी करायला हवा होता. सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा, बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे तिथून फार तर १२० वॅट निघणार. बॉक्सवर ३०० लिहिलंय ते हवे असतील तर बॉनेट उघडून चिमटेच लावायचे. पावसात अर्धवट उघडं बॉनेट, त्यातून आलेली वायर, ती पडवीतून खिडकीतून आत. शेड नसेल तर हा उद्योग करूच नका.

आता चालतं काय ते. वायफायचा राऊटर, ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब, दोन फोन, एवढं तीन तास आरामात चाललं. बॅटरी सुरुवातीला १२.६ व्होल्ट होती, सगळं काढून थोड्या वेळाने मोजली तर १२.३. लॅपटॉपचा चार्जर चालतो. टीव्ही ३२ इंची, तोही चालतो. टेबल फॅन चालतो पण गुंगुंगुं असा आवाज करतो आणि मोटर नेहमीपेक्षा जास्त तापते, कारण हा मॉडिफाईड साइन वेव्हवाला आहे, म्हणजे घरातल्या लाईटसारखी गुळगुळीत लाट नाही, पायऱ्या पायऱ्यांची. बल्बला काही फरक पडत नाही, मोटरला पडतो. पाहुण्यांकडचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) फॅन लावून बघितला तर तो एकदम शांत चालला आणि खातोही निम्म्याहून कमी, ३० वॅटच्या आसपास. मिक्सर लावायचा विचारही करू नका, आमचा ५०० वॅटचा आहे, आईने चटणीसाठी लावलाच तर डब्याने पीं करून सरळ मान टाकली. फ्रिजचं तेच, कंप्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो.

खरी तक्रार पुढे आहे.

बॉक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'लो बॅटरी प्रोटेक्शन, १०.५ व्होल्टला आपोआप बंद'. मी भोळा, मला वाटलं म्हणजे गाडी सेफ. जुलैत एका रात्री डीपी उडाला, घरात पाहुणे, टीव्हीवर मॅच. टीव्ही, जुना टेबल फॅन, बल्ब असं सगळं मिळून सव्वाशे वॅट. पावणेदोन तासांनी डबा पीं पीं करायला लागला, आम्ही म्हटलं शेवटच्या दोनच ओव्हर राहिल्यात, आणि मग तो स्वतःच बंद पडला. सकाळी सात वाजता पाहुण्यांना खेडला रेल्वेगाडीवर सोडायचं होतं. चावी फिरवली तर कट कट कट. डॅशबोर्डवरचे दिवे फिक्के पिवळे, घड्याळ १२ वाजून शून्यावर. शेजारच्या दादांची पिकअप आणली, त्यांच्याकडे जम्पर केबल होती म्हणून निभावलं. वर त्यांचं ऐकून घेतलं, 'गाडीची बॅटरी गाडीसाठी असते रे बाबा, तिच्यावर मॅच कसली बघता'.

ते बरोबरच बोलत होते. १०.५ व्होल्ट म्हणजे बॅटरीत जवळपास काहीच उरलेलं नसतं, ती कटऑफ डब्याच्या सोयीची आहे, तुमच्या गाडीच्या नाही. आमच्या छोट्या गाडीची बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तास), १२ व्होल्टने गुणलं म्हणजे कागदावर ४२० वॅट-तास, त्यातले अर्धेच वापरायचे असं धरून चाला. ही बॅटरी स्टार्टरला दोन सेकंद जोरात करंट द्यायला बनवलेली, आतल्या प्लेटा पातळ. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी रोज रिकामी होऊन भरायला बनवलेली असते. हिला दोनचार वेळा पार तळाला नेलं की ती कायमची लंगडी होते, आणि नवीन बॅटरी या डब्यापेक्षा महाग पडते. आता मी दीडशे रुपयांचा व्होल्टमीटर सॉकेटला लावून ठेवलाय, चालू लोडवर १२ दिसले की बंद, मग सामन्याचं काहीही होवो.

इंजिन चालू ठेवून वापरता येतं, व्होल्टेज १४ च्या आसपास राहतं, पण एक फॅन फिरवायला तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल जाळणं मला तरी जमत नाही. आणि बंद गॅरेजमध्ये किंवा खिडकीला खेटून इंजिन चालू ठेवायचं नाही म्हणजे नाही, त्या धुराने माणूस झोपेतच जातो. अजून एक, आमच्या एका हुशार भावाने सुचवलं की दोन्हीकडे पिना असलेली वायर करून सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये घाल म्हणजे घरभर लाईट येईल. मेन चालू राहिला तर करंट उलटा लाईनवर, आणि तिकडे खांबावर वायरमन चढलेला. त्याला पडवीतच उभा करून झापला.

पाचपैकी तीन स्टार. एक कापला त्या कटऑफच्या थापेसाठी आणि एक चिमट्यांच्या वायरीसाठी, ती जेमतेम दीड फूट आहे आणि लोड वाढला की हाताला गरम लागते. परत मात्र पाठवला नाही. डिकीत पडलाय, शेजारी सहाशे रुपयांची नवी जम्पर केबल.